गोजराईचा घोट

डोंगर हाच होता, कुंडही हेच होतं, फक्त माणसं दुसरी होती, तेव्हाची ही गोष्ट. फार वर्षांपूर्वीची. नेमकी किती, ते कुणी सांगत नाही. गारमाळच्या म्हाताऱ्यांना विचारलं तर ते डोंगराकडे बोट दाखवतात आणि म्हणतात, आमच्यापेक्षा तो मोठा, त्याला विचारा. डोंगर काही बोलत नाही. म्हणून म्हाताऱ्यांनी जे सांगितलं तेच मी सांगतो. पदरची भर घातलीच असेल तर चिमूटभर, मिठाएवढी.

गारमाळ हे पाथरवटांचं गाव. दिवस उगवला की घराघरातून छिन्नी-हातोड्याचा आवाज सुरू व्हायचा आणि दिवस मावळला की थांबायचा. जाती, पाटे, वरवंटे, उखळं, सगळं तिथे घडायचं आणि बैलांच्या पाठीवरून दूरदूरच्या बाजारांत जायचं. गावात धूळ उडाली तरी ती मातीची नसे, दगडाची असे. भाकरीत कचकच लागली तर गारमाळचा माणूस तोंड वाकडं करत नसे, देवीचा प्रसाद म्हणून गिळून टाकत असे.

देवी म्हणजे कुंडजाई. डोंगराच्या कुशीत एक कपार आहे, तिथे तिचं ठाणं, आणि ठाण्यासमोर कुंड. त्या कुंडाचं पाणी एवढं गार, की वैशाखात बोट बुडवलं तरी नख निळं पडायचं, असं म्हणतात. देवीची मूर्ती म्हणजे शेंदूर फासलेला तांदळा, बिनघडणीचा गोल दगड, आणि त्याला लावलेले दोन चांदीचे डोळे. एवढंच तिचं वैभव. पण धाक म्हणाल तर पंचक्रोशीत असा धाक दुसऱ्या देवाचा नव्हता.

धाक होता तो घोटामुळे. गावात भांडण झालं, चोरी झाली, बांधावरून दोघे हमरीतुमरीवर आले, की पाटील म्हणायचा, "चला घोटाला." ज्याच्यावर आळ त्याने कुंडाचं पाणी तोंडात घ्यायचं आणि गुरव कुंडाला प्रदक्षिणा घालून येईपर्यंत धरून ठेवायचं. चेहरा हलला नाही तर माणूस खरा. भुवई आक्रसली, डोळा मिटला, गाल थरथरला तर खोटा. खोट्याच्या तोंडात देवी राहत नाही, असं गावाचं म्हणणं. आणि जुन्या काळी ते खरंही ठरत असावं, कारण ज्याच्या मनात पाप त्याला पाण्याआधी घाम फुटतो. पाणी बिचारं निमित्त.

आता ह्या गावात गोजरा नावाची एक बाई होती. तिचं लग्न होऊन वर्षही झालं नव्हतं, तेव्हा उतारावरून जात्याची तळी घरंगळली आणि तिच्या जबड्याला लागली. जीव वाचला, पण पुढचे दात तिथेच पडले आणि उरलेले पुढच्या काही वर्षांत एकेक करून गेले. ऐन तारुण्यात बाईचं बोळकं झालं. नवरा चांगला होता, त्याने कधी शब्दाने दुखवलं नाही. पण गाव ते गाव. पाणवठ्यावर पोरी पदराआड हसायच्या. हसतील त्यांचे दात दिसतील, असं आपण म्हणतो खरं, पण जिला दातच नाहीत तिला हे सांगून काय उपयोग? ते दातच तर तिला दिसायचे. रात्रंदिवस दुसऱ्यांचे दात.

त्या ध्यासातून तिची दात घासायची राखुंडी जन्मली. नवऱ्याच्या मागे, मुलगा हिरामण छिन्नी धरायला लागला तेव्हा, तिने डोंगरातल्या पांढऱ्याशुभ्र गारगोट्या गोळा केल्या. त्या चुलीत लाल होईपर्यंत तापवायच्या, कुंडाच्या पाण्यात विझवायच्या, की त्या तडतडून फुटायच्या. मग खलात कुटायच्या, बाभळीचा कोळसा घालायचा, मीठ घालायचं आणि चाळायचं. चाळायचं तेही जाड चाळणीने. बारीक चूर्ण लोकांना आवडत नसे. दातांवर बोट फिरवलं की चरचर आवाज आला पाहिजे, मग कुठे दात घासल्यासारखं वाटतं.

आणि दात निघाले काय! दुधासारखे, शंखासारखे म्हणतात ते तसे. गारमाळची वरात दुसऱ्या गावात शिरली की पलिते विझवले तरी चालायचं, पोरी हसल्या की वाट दिसायची, असं म्हणतात. एवढं नसेल, पण काही तरी असणारच, कारण लांबलांबचे लोक गारमाळची सोयरीक मागायला येऊ लागले. ज्या पोरी पदराआड हसायच्या त्यांच्या लेकींची लग्नं गोजराच्या राखुंडीने जमली. आता तिला कुणी बोळकी म्हणत नव्हतं. गोजराई म्हणत होतं. सणाच्या दिवशी पहिला नारळ देवीला आणि दुसरा गोजराईला. ती सुखावली, आणि का नाही सुखावणार? तिचं एकच सांगणं असे, "घासा रं, जोर लावून घासा. देवीचा दगड हाय, त्यानं दात झिजत न्हाईत."

ती चुकली होती. दगड दगडाला झिजवतो हे पाथरवटाच्या बाईला कुणी शिकवायला हवं होतं का? पण माणूस ज्या धंद्यात जन्मतो त्यातलीच गोष्ट त्याला दिसत नाही, असं पुष्कळदा होतं. आणि तिला कळणार तरी कसं? तिची राखुंडी साऱ्या गावाने वापरली, फक्त तिने वापरली नाही. तिला वापरायला दातच नव्हते.

काही वर्षं गेली. एके दिवशी कुणाला तरी गार पाणी पिताना दातात सळक गेली, थेट कानशिलापर्यंत. मग दुसऱ्याला गेली. मग तिसरीला चिंच खाताना. वरचं टणक कवच झिजलं, हिरड्या घासून घासून वर सरकल्या, आणि दाताचं आतलं हळवं अंग उघडं पडलं. त्यावर गार लागलं की कळ, आंबट लागलं की कळ, तोंड उघडून वारा घेतला तरी कळ. दात आंबणं वेगळं, ते तासाभरात जातं. ही कळ रोज यायची आणि विजेसारखी यायची.

असं झालं तर माणूस काय करेल? शेजाऱ्याला सांगेल, बाबा, मला असं असं होतंय. पण हे गारमाळ होतं. इथे पाण्याच्या घोटाने ज्याचं तोंड वाकडं होतं तो खोटा. तेव्हा ज्याला त्याला आधी स्वतःचीच पापं आठवली. कुणी कधी सोयऱ्याचं जातं वजनात मारलं होतं, कुणी सासूला उलट बोललं होतं, कुणी नुसतंच मनात काही आणलं होतं. देवी कोपली, असं ज्याने त्याने धरलं आणि ओठ शिवले.

त्यातच कोंडिबाचं झालं. कोंडिबाचा बांध शेजाऱ्याने सरकवला होता, हे आंधळ्यालाही दिसत होतं. तरी शेजाऱ्याने उलटा आळ घेतला आणि घोटाची पाळी कोंडिबावर आली. त्याने पाणी तोंडात घेतलं आणि गुरवाने पाऊल उचलायच्या आत त्याचा चेहरा पिळून निघाला. बांध गेला. पुढे तर तो स्वतःच म्हणू लागला, "माझंच काय तरी चुकलं आसंल." हे ऐकून लोक अधिकच घाबरले. घराघरात गुपचूप पाणी कोमट होऊ लागलं. नवरा बायकोपासून लपवून तांब्या उन्हात ठेवायचा आणि बायको नवऱ्यापासून लपवून चुलीच्या वायलावर. दोघेही एकमेकांना म्हणायचे, आज पाणी किती छान गार आहे, नाही? गावची चिंच चिंचांनी लगडली आणि कुणी एक बुटूक तोडलं नाही. भाराने फांद्या मोडून पडल्या, असं म्हणतात. पंगतीत ताक वाढायला कुणी आलं की साऱ्या गावाचं पोट एकदम भरायचं.

गोजराईला ह्यातलं काही ठाऊक नव्हतं. ती राखुंडी कुटत होती.

तिची सून सारजा दूरच्या, नदीकाठच्या गावातून आली होती. गोरी नव्हती, पण कामाला वाघ आणि बोलायला गोड. तिच्या माहेरी लोक बाभळीची नाहीतर निंबाची काडी चावून दात घासत. सासरी आली तशी गोजराईने पहिल्याच दिवशी तिच्या तळहातावर राखुंडी ठेवली. "गोजराईची सून अन् दात पिवळं? लोक काय म्हणतील?" सारजाने मान खाली घातली आणि घासायला लागली. रोज देवीचं ठाणं झाडायचं कामही तिच्याकडेच आलं होतं.

एका सकाळी सटवा गुरव पूजेला गेला तर देवीला डोळे नाहीत. दोन्ही चांदीचे डोळे गायब. त्याच्या हातातली घंटा खाली पडली आणि त्या आवाजाने गाव गोळा झालं. आदल्या संध्याकाळी शेवटी ठाण्यात कोण होतं? सारजा होती, झाडायला. आणखी कोण होतं? आणखी कुणी नव्हतं. मग काय, रावजी पाटील म्हणाला, "चला घोटाला."

सारजा कुंडापाशी उभी राहिली तेव्हा तिच्या मनात भीती नव्हती, असं म्हणतात, कारण तिने काही केलंच नव्हतं. तिने ओंजळ भरली, पाणी तोंडात घेतलं, आणि कळ अशी गेली की तिला डोंगर हलल्यासारखा वाटला. डोळ्यांतून पाणी आलं. तोंडातलं पाणी फवारा होऊन बाहेर आलं आणि देवीच्या पायरीवर पडलं. गुरव अजून कुंडाच्या कोपऱ्यापर्यंतही पोचला नव्हता. बायकांनी पदर तोंडाला लावले. पाटलाने निवाडा दिला: उद्या ऊन उतरायच्या आत हिने गाव सोडावं, आणि परत गारमाळचं पाणी पिऊ नये.

हिरामण तडक वळला. घरी गेला आणि आपल्या छिन्न्या फडक्यात बांधायला लागला. म्हणजे तोही जाणार. गोजराईने ते पाहिलं आणि तिचा तोल गेला. सुनेसमोर जाऊन ती म्हणाली, "काय केलंस गं माझ्या घराचं? देवीचं डोळं कुठं ठेवलंस?"

"म्या न्हाई घेतलं, आत्याबाई."

"मग त्वांड का वाकडं झालं?"

सारजाने गालावर हात ठेवला. मग म्हणाली, "पाणी दातात घुसलं. रोजच घुसतं. माहेरी कधी असं होत नव्हतं. राखुंडी लावाया लागल्यापासनं होतंय."

हे ऐकून गोजराई अशी भडकली, की शेजारच्या घरातली छिन्नी थांबली. चोर ती चोर आणि वर माझ्या राखुंडीला नावं ठेवतेस? ती आणखीही पुष्कळ बोलली, ते इथे सांगण्यासारखं नाही. सारजा उठली. कोपऱ्यातली घागर घेतली, पाणी ओतून घेतलं आणि भांडं दोन्ही तळव्यांत धरून बसून राहिली. गोजराई बोलत होती आणि सून पाणी तळव्यांनी ऊबवत होती. बोलता बोलता गोजराईचं तिकडे लक्ष गेलं, आणि ती थांबली. हे तिने कुठेतरी पाहिलं होतं. कुठे बरं? पाटलाच्या घरी. पाटलीणबाई असंच करते. आणि कोंडिबाची बायकोही. आणि तिची स्वतःची नणंद.

तिने सुनेला काही सांगितलं नाही. कुंडावर गेली, कळशी भरली आणि तशीच गावात शिरली. प्रत्येक दाराशी थांबून म्हणाली, "आमच्या घराला बट्टा लागला, म्हणून देवीचं तीर्थ वाटतीया. एक घोट घ्या." आता तीर्थाला नाही कोण म्हणणार? पण जो तो म्हणू लागला. एकाला आत्ताच पाणी प्यालो होतो हे आठवलं. एकीला पडसं झालं होतं. पाटलीणबाई म्हणाली, "आज माझा उपास हाय." उपासाला पाणी चालत नाही हे गोजराईने जन्मात पहिल्यांदा ऐकलं. ज्यांना टाळता आलं नाही त्यांनी घोट घेतला आणि भिंतीकडे तोंड केलं. भिंतीकडे तोंड करून तीर्थ घेण्याची रीत गारमाळात कधीपासून पडली? सटवा गुरवाच्या दारात तर तिला सांगावंच लागलं नाही. आत चुलीवर मडकं होतं, त्यातून वाफ येत होती, आणि गुरव त्यातलं पाणी पेल्यात ओतत होता. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. गुरवाने मान खाली घातली.

गोजराई घरी आली आणि राखुंडीच्या खलाशी बसली. चिमूटभर राखुंडी बोटांत घेऊन तिने ती घरातल्या काळ्या पाट्यावर घासली. जरा वेळाने पाण्याने पुसली. पाट्यावर ओरखडे होते. आपल्या हाताने साऱ्या गावाचे दात खरवडले, आणि जी पोर माहेरून धड दात घेऊन आली तिचे तर रोज उठून खरवडून घेतले, हे तिला तेव्हा कळलं. तिला रडू आलं. आपल्याला बोळकी म्हणून हसले तेव्हा ती रडली नव्हती, तेवढी आता रडली.

आणि खरी अडचण तर पुढेच होती. बोलायचं तर आपलं नाव जाणार. उतारवयात मिळालेलं, दातांच्या बदल्यात मिळालेलं नाव. आणि बोलून तरी ऐकणार कोण? चोराची सासू. सुनेला वाचवायला वाट्टेल ते बोलते, म्हणतील. गावातल्या प्रत्येकाला ठाऊक होतं आणि एकही माणूस कबूल करणार नव्हता. न बोलावं तर सून जाणार, लेक जाणार, आणि पुढच्या घोटाला आणखी कुणी जाणार.

दुसऱ्या दिवशी दुपार कलल्यावर सारजा बोचकं घेऊन निघाली. वाट देवीच्या ठाण्यावरूनच जात होती, आणि गाव बघायला उभं होतं, जसं गाव उभं राहतं तसं. तेव्हा गोजराई पुढे झाली आणि देवीच्या पायरीवर बसली.

"पाटीलबाबा," ती म्हणाली, "चोर धरायचा तर नीट धरा. घोट एकटीनं का घ्यायचा? डोळं तर साऱ्या गावाच्या देवीचं गेलं. साऱ्या गावानं घोट घ्यावा. लहान-थोर, तुम्हीबी अन् मीबी. जे खरं असतील ते ऱ्हातील, खोटं असतील ते जातील."

पाटलाच्या कपाळाला घाम आला. पण नाही म्हणावं कसं? घोट घ्यायला जो कचरतो तो आधीच खोटा, हेही त्याचंच वाक्य होतं. सारं गाव कुंडाभोवती पंगतीला बसतात तसं बसलं. सारजाही बोचकं खाली ठेवून बसली. सटवा गुरवही बसला, तेव्हा प्रदक्षिणा घालायला कुणी उरलं नाही. असं ठरलं, की सगळ्यांनी एकदम घोट घ्यायचा आणि देवीच्या दिव्याची वात गुरवाने खाली केली की गिळायचा.

ओंजळी भरल्या. घोट घेतले. आणि गारमाळ गावाने अशी तोंडं केली, की तसं दृश्य पुन्हा कधी झालं नाही. पाटलाच्या मिशा कानाला लागल्या. पाटलीणबाईने गाल दाबून धरला. सोयरीक जमलेल्या पोरी, कोंडिबा, कोंडिबाचा बांध खाल्लेला शेजारी, सगळे आक्रसले, कण्हले, पाणी थुंकून मोकळे झाले. गुरवाला तर वातीपर्यंत हातच नेता आला नाही. मग जो तो शेजारच्याकडे पाहू लागला. तुलाही? तुलाही? अरे, मग मला वाटलं मी एकटाच!

एकच चेहरा हलला नव्हता. गोजराई पायरीवर बसली होती, तोंडात पाणी तसंच होतं, कपाळाला आठी नव्हती. बोळक्याला कसली आलीय कळ? गुरवाने कशीबशी वात खाली केली, तेव्हा तिने पाणी गिळलं आणि उठून उभी राहिली.

"देवीच्या न्यायानं साऱ्या गावात मी एकटीच खरी," ती म्हणाली. "मग आता मी बोलंन ते खरं मानाया लागंल. तुमी कुणी खोटं न्हाई. माझी सूनबी चोर न्हाई. तुमचं दात म्या खाल्लं. माझ्या राखुंडीनं खाल्लं."

 आणि तिने घरून आणून पायरीशी ठेवलेला खल उचलला, राखुंडीचं मडकं उचललं आणि दोन्ही कड्यावरून खाली फेकून दिली. असं म्हणतात, की ते मडकं पडलं तिथला खडक अजून पांढरा आहे.

आता डोळ्यांचं. साऱ्या गावाने एकदम ओंजळी भरल्या तेव्हा ज्या कुंडाचं पाणी दुष्काळातही कधी हटलं नव्हतं ते हातभर खाली गेलं, आणि आतल्या कोरड्या पडलेल्या कपारीतून चांदीचे दोन डोळे गावाकडे बघत होते, असं म्हणतात. शेंदराचा जुना पोपडा सुटून डोळ्यांसकट पाण्यात पडला होता, एवढंच झालं होतं. काही जण मात्र सांगतात, की देवी स्वतःच डोळे मिटून बसली होती, आणि खरं ऐकल्यावर तिने उघडले. मी दोन्ही सांगितलं. तुम्हाला आवडेल ते घ्या.

पाटलाने सारजाचं बोचकं स्वतः उचलून घरापर्यंत नेलं. कोंडिबाचा बांध होता तिथे गेला. आणि लोक गोजराईवर संतापले का? संतापले. आपल्या हाताने रोज जोर लावून घासलं होतं, तो जोरही तिच्याच माथी मारला. पण आपलेच दात आणि आपलेच ओठ, कुणाला बोलणार? आठवडाभर धुसफूस झाली, आणि मग एकेक जण तिच्याच दारात येऊन बसला. दुखतंय, आता कर काहीतरी.

गोजराईने सुनेला पुढे बसवलं आणि स्वतः तिच्याकडून शिकली. सकाळी बाभळीची कोवळी काडी चावून चावून मऊ करायची, अगदी कुंचल्यासारखी, आणि दातांवरून हलकेच फिरवायची, जसं तान्ह्या बाळाचं अंग पुसतात तसं. जोर बिलकूल नाही. मग चमचाभर तिळाचं तेल तोंडात धरून घोळवायचं आणि थुंकायचं. जेवल्यावर कोमट पाण्यात मिठाची कणी टाकून चूळ भरायची. चिंच, कैरी, आमसूल खाल्लं तर आधी नुसत्या पाण्याने खळखळून चूळ भरायची, लगेच काडी लावायची नाही, कारण आंबटाने दात मऊ पडतात आणि मऊ दात लवकर झिजतो. फार कळ आली तर लवंग दाढेखाली. ज्याच्या दाताला खड्डा पडलाय त्याने वाट बघत बसू नये, वैदूकडे जावं. आणि जात्याला नवी टाकी लावली, म्हणजे छिन्नीने ते पुन्हा खरबरीत केलं, की पहिलं पीठ खायचं नाही, त्यात दगडाची कच असते. ते मातीत टाकायचं.

रात्री दातओठ खात झोपणाऱ्यांना ती ओळखायची, असं म्हणतात. दाढांकडे नुसतं बघून विचारायची, "कुणावर राग हाय?" आणि माणूस सांगून टाकायचा. सांगितलं की अर्धी कळ तिथेच जायची. तिच्या बोटाला गुण होता, हिरडीवरून फिरवलं की दात निजायचा, असंही म्हणतात. ती मात्र म्हणायची, "झिजलेलं परत येत न्हाई बाबा. फक्त दुखायचं थांबतं. तेवढं पुरे."

हळूहळू दुखायचं थांबलं. दात पूर्वीसारखे शुभ्र राहिले नाहीत, जरासे पिवळट झाले, माणसांचे असतात तसे. सोयरिकी तरीही जमतच राहिल्या. गोजराई खूप म्हातारी होऊन गेली. शेवटी तिला पाणी सारजाने पाजलं, आणि ते पाजताना सारजा मोठ्याने रडली. सासूने एकदा चोर म्हटलेली सून अशी रडते, ह्याचं आलेल्या लोकांना नवल वाटलं. गारमाळच्या लोकांना वाटलं नाही.

घोट त्या दिवसानंतर बंद झाला. माणसाचं तोंड बघून गारमाळात निवाडा होत नाही. नव्या टाकीचं पहिलं पीठ आजही जो तो ठाण्याजवळच्या एका दगडावर ओततो, त्याला गोजराईचा दगड म्हणतात. आणि आणखी एक रीत आहे, ती फक्त ह्याच गावात आहे. नवी सून दारात आली, की तिला नाव घ्यायला लावण्याआधी, माप ओलांडायला लावण्याआधी, सासू कोमट पाण्याचा तांब्या तिच्या हातात देते आणि साऱ्या लोकांसमोर विचारते, "तुला काय दुखतं-खुपतं गं, बाय?"

हे नुसतं विचारायचं म्हणून विचारत नाहीत. पोर लाजते, मान खाली घालते, काही नाही म्हणते. सासू पुन्हा विचारते. वाजंत्री थांबलेली असते, वऱ्हाड उन्हात ताटकळत असतं, जेवणं निवत असतात, आणि तरी कुणी घाई करत नाही. ती काही सांगेपर्यंत सासू उंबरा सोडत नाही.